पत्रं पोस्टात ठेवायची की घरी आणायची?

नाटकाचं मध्यंतर झालं होतं. ऊद मेथातल्या इंडियन हायस्कूलच्या शेख रशीद ऑडिटोरियमबाहेर चहा-वड्यासाठी नेहमीसारखी रांग लागली होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एक काकू वळून म्हणाल्या, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग मला एक सांग. नवीन लॅपटॉप घेतलाय. त्यात ते आऊटलुक आपोआप उघडतं आणि ई-मेलचा पत्ता विचारत बसतं. आमचे चिरंजीव म्हणतात ते नको, ब्राउझरमध्ये जी-मेल उघडून बघत जा. नक्की काय ठेवू?"

मी म्हणालो, "काहीही ठेवा काकू, सगळं सारखंच."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि विषय तिथेच संपला. पण दुसरा अंक बघताना मला माझंच उत्तर खटकत राहिलं. वीस वर्षं ह्याच धंद्यात असलेल्या माणसाने असं उत्तर द्यावं? सगळं सारखं नाही, आणि हे मला अनुभवाने चांगलंच माहीत होतं. म्हणून स्मरणिकेसाठी काही लिहा असं संपादकांनी म्हटल्यावर हाच विषय घेतला. नाटकांची, पुस्तकांची समीक्षा आपण करतोच. जी वस्तू आपण दिवसातून वीस वेळा उघडतो तिचीही एकदा करून बघू.

विषय समजायला दुबईकरांना एक सोय आहे. आपल्याकडे गावात पोस्टमन दारात येऊन पत्र टाकतो. इथे ती पद्धत रुजली नाही. इथे टपाल येतं ते पी. ओ. बॉक्समध्ये. करामाच्या मुख्य पोस्टात त्या छोट्या छोट्या कुलूपबंद कप्प्यांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय अनेकांचा बॉक्स स्वतःचा नसतोच, कंपनीचा असतो. आईचं पत्र ऑफिसच्या बॉक्सवर यायचं आणि ऑफिसबॉय ते टेबलावर आणून ठेवायचा.

ई-मेलचंही असंच आहे. पत्र आधी कुठल्यातरी मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, आपल्या नावाच्या कप्प्यात येऊन पडतं. ब्राउझरमधून मेल बघणं म्हणजे दरवेळी पोस्टात जायचं, कप्पा उघडायचा, तिथेच उभं राहून पत्र वाचायचं आणि परत कप्प्यात ठेवून घरी यायचं. डेस्कटॉपवरचा मेलचा प्रोग्रॅम म्हणजे कप्प्यातली पत्रं घरी आणायची आणि आपल्या ट्रंकेत ठेवायची. ही उपमा माझ्या डोक्यातली नाही बरं का. सर्व्हरवरून पत्रं उतरवून घेण्याच्या ज्या जुन्या पद्धतीला आपण 'पॉप' म्हणतो तिचं पूर्ण नावच 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' असं आहे. ती १९८४ सालची.

आधी ट्रंकवाल्यांकडे बघू. ह्या प्रकारातला पहिला गाजलेला प्रोग्रॅम म्हणजे युडोरा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर ह्या प्रोग्रॅमरने १९८८ मध्ये तो लिहिला. दिवसभर ई-मेलवर काम करून आपण जणू पोस्टातच राहतो असं त्याला वाटायला लागलं. युडोरा वेल्टी ह्या लेखिकेची 'व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.' नावाची कथा त्याला आठवली आणि त्याने प्रोग्रॅमला लेखिकेचंच नाव दिलं. पुढे विंडोजबरोबर फुकट मिळणारं आऊटलुक एक्सप्रेस आलं आणि आपल्यापैकी बहुतेकांची गाठ त्याच्याशीच पडली.

ह्या प्रोग्रॅमचा मोठा गुण म्हणजे काटकसर. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेमचं ते खरखर गाणं ऐकून, घड्याळाकडे बघत जोडणी करावी लागे. आऊटलुक एक्सप्रेस दोन मिनिटांत सगळी पत्रं उतरवून घेई. मग फोन ठेवायचा, पत्रं निवांत वाचायची, उत्तरं लिहून ठेवायची आणि पुन्हा दोन मिनिटं जोडणी करून ती धाडायची. दुसरा गुण म्हणजे पत्र आपल्या हातात असायचं. जोडणी असो वा नसो, कंपनी चालो वा बुडो, ट्रंक आपल्या घरात.

दोष मात्र ट्रंकेचेच. ट्रंकेला वाळवी लागते. पॉपची जुनी रीत अशी की पत्र उतरवलं की सर्व्हरवरून पुसलं जायचं. म्हणजे जगात एकच प्रत आणि तीही आपल्या हार्डडिस्कवर. आऊटलुक एक्सप्रेस अधूनमधून विचारायचं, 'जागा वाचवण्यासाठी फोल्डर आवळून ठेवू का?' आपण 'हो' म्हणायचं आणि ते काम चालू असताना वीज गेली की अख्खं फोल्डर गायब. मोठ्या आऊटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत फाइल दोन जीबीच्या आसपास गेली की बिघडायची. सुरक्षेचं तर विचारूच नका. मे २००० मधला तो 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस आऊटलुकमधल्या पत्त्यांच्या यादीवरूनच जगभर पसरला. प्रेमपत्र समजून उघडणाऱ्यांत साहेब मंडळीही कमी नव्हती!

आता पोस्टवाल्यांकडे वळू. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्यांनी ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल सुरू केलं. तारीख मुद्दाम निवडलेली होती. ऑफिसच्या आणि इंटरनेट कंपनीच्या पत्त्यापासून स्वातंत्र्य, असा त्याचा अर्थ. दीडच वर्षात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. पण कप्पा होता अवघा दोन एमबीचा. दोन फोटो आले की भरला. शिवाय महिनाभर उघडला नाही तर खातं निष्क्रिय आणि आतली पत्रं गेली. पुढे १ एप्रिल २००४ रोजी गुगलने एक जीबीचं जी-मेल जाहीर केलं तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. पत्रं पुसायची गरजच नाही, शोधा म्हणजे सापडेल, ही कल्पना तेव्हा खरोखरच नवी होती.

ब्राउझरच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. दुबईतलं ऑफिस, सुट्टीतलं मिरज, मध्येच मस्कतचं हॉटेल, कुठूनही तोच कप्पा उघडतो. हार्डडिस्क मेली तरी पत्रं जिवंत राहतात. व्हायरस आणि फसवी पत्रं गाळण्याचं काम घरच्या संगणकापेक्षा तिथे कितीतरी चांगलं होतं. मात्र पोस्ट मोफत असलं की पोस्टमास्तरही पत्रं वाचतो. जाहिराती दाखवण्यासाठी जी-मेलमधल्या मजकुराची यंत्राकडून छाननी होत असे. ती थांबवत असल्याचं गुगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. आणि कप्प्याची किल्ली कोणाच्या हातात, हा प्रश्न तर राहतोच.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हा बरोबरीचा सामना झाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. मग माझ्याच घरात जे घडलं ते सांगतो.

मी परदेशात एम.एस. करत असताना, २००५ मध्ये, मिरजेला बाबांना जी-मेलचं आमंत्रण पाठवलं. तेव्हा आमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे. बाबा निवृत्त शिक्षक. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून एका बोटाने टाइप करायचे. दर रविवारी एक पत्र. रोमन लिपीत मराठी, पण थाट सगळा जुना. आरंभी 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद' आणि शेवटी 'कळावे'. मी हसायचो. विद्यापीठात शिकत होतो तोवर ती पत्रं विद्यापीठाच्या पत्त्यावर आली. पदवी मिळाल्यावर तो पत्ता बंद झाला. २००६ मध्ये दुबईला आलो आणि इथल्या रीतीप्रमाणे बाबांना ऑफिसचा पत्ता दिला. कंपनीचा पी. ओ. बॉक्स, तसाच कंपनीचा ई-मेल. आऊटलुक सगळी पत्रं लॅपटॉपवर उतरवून ठेवत होतं. मी खूश. मला वाटे, पत्रं आपल्या ट्रंकेत आहेत.

२०११ मध्ये नोकरी बदलली. शेवटच्या दिवशी दुपारी लॅपटॉप परत केला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत खातं बंद झालं होतं. ह्यात कंपनीची काडीची चूक नाही. लॅपटॉप त्यांचा, पत्ता त्यांचा. ट्रंक भाड्याची आहे हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं. लोकांना बॅकअपवर सल्ले देऊन त्याचे पैसे घेणारा मी, पण वडिलांची सहा वर्षांची पत्रं घालवून बसलो होतो. बाबांना हे कधी सांगितलं नाही. लाज वाटली.

२०२१ मध्ये बाबा गेले. पुढे मे २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती त्या डिसेंबरपासून काढून टाकायला सुरुवात होईल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे आलेली पत्रं गेली होती, पण बाबांनी पाठवलेली? त्यांच्या 'सेंट'च्या फोल्डरमध्ये ती असणार. त्या वर्षी दिवाळीला मिरजेला गेलो. बाबांच्या पंचांगाच्या मागच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता. तो टाकला. गुगलने ओळख पटवण्यासाठी बाबांच्या मोबाइलवर आकडा पाठवला. आईने कपाटातून जुना हँडसेट काढला. दोन वर्षं ती त्यात पैसे भरत होती. "ह्यांचा नंबर बंद कशाला करायचा," एवढंच तिचं कारण. त्या हँडसेटवर आकडा आला आणि खातं उघडलं.

तीनशेच्या वर पत्रं होती. २००५ च्या कृष्णेच्या पुराचं वर्णन. परसातल्या आंब्याचा दरवर्षीचा हिशेब. आणि २००९ मध्ये माझी मुलगी झाली तेव्हा सुचवलेल्या अकरा नावांची यादी, प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ आणि ते का ठेवावं किंवा का ठेवू नये ह्याचं स्पष्टीकरण. माझ्या मुलीला, इथल्या अनेक मुलांसारखी, देवनागरी वाचायला वेळ लागतो. बाबांची रोमन मराठी मात्र ती भराभर वाचत सुटली. ज्या लिपीला मी हसलो होतो त्या लिपीनेच आजोबा तिच्यापर्यंत पोचले.

म्हणजे ब्राउझर जिंकला? थांबा. दुसरी बाजूही ऊद मेथातलीच आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबप्रमुखाची नोकरी २०२० मध्ये गेली. व्हिसा रद्द झाला, घर सोडलं, मोबाइलचा नंबर बंद केला आणि मंडळी पुण्याला परतली. महिन्याभराने नव्या लॅपटॉपवर मेल उघडायला गेले तर सेवेने दुबईच्या नंबरवर आकडा पाठवला. तो नंबर आता त्यांचा नव्हता. पासवर्ड बरोबर, माणूस खरा, पण दार उघडेना. सगळं ब्राउझरमध्येच बघायची सवय असल्याने घरी एकही प्रत नव्हती. बारा वर्षांचा पत्रव्यवहार, ग्रॅच्युइटीची कागदपत्रं, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांचे स्कॅन, सगळं त्या कप्प्यात. बाबांचं खातं उघडलं ते आईने एक नंबर जपला म्हणून. ह्यांचं उघडलं नाही ते एक नंबर गेला म्हणून. तंत्रज्ञान दोन्हीकडे एकच.

तेव्हा माझ्या मते प्रोग्रॅम की ब्राउझर हा मुळात दुय्यम प्रश्न आहे. खरे प्रश्न दोन. पत्ता कोणाचा? आणि आपल्या हातात प्रत आहे का? मिरजेत जन्म काढणाऱ्या माणसाला हे प्रश्न इतके छळत नाहीत. त्याचं घर, नंबर, पोस्ट सगळं जागेवर असतं. आपलं इथलं सगळंच व्हिसाच्या मुदतीवर. नोकरीबरोबर ऑफिसचा पत्ता जातो, व्हिसाबरोबर नंबर जातो. म्हणून हा निर्णय आपण जरा जास्त विचार करून घ्यायला हवा.

शिवाय डेस्कटॉप आणि ब्राउझर ह्यांतला जुना भेदही आता उरलेला नाही. विंडोजमधल्या जुन्या मेल प्रोग्रॅमचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपवला. त्याच्या जागी जे नवं आऊटलुक आपोआप उघडतं ते दिसायला डेस्कटॉपचं असलं तरी आतून वेबवरचंच आहे. त्यात जी-मेलसारखं दुसरं खातं जोडलं तर त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. म्हणजे ट्रंक घेतली असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या पोस्टात आणखी एक कप्पा उघडलेला असतो. समीक्षक म्हणून मला हे प्रामाणिक वाटत नाही. सोय म्हणून वापरा, पण त्याला आपली ट्रंक समजू नका.

खरी ट्रंक हवी असेल तर थंडरबर्ड बघावं. मोझिलाच्या घरचं, मोफत, डिसेंबर २००४ पासून चालत आलेलं. देखणं म्हणता येणार नाही, मांडणी थोडी गबाळी आहे, पण पत्रं खरोखर आपल्या डिस्कवर ठेवतं. इथे एक खाचखळगा सांगतो, कारण जाणकारही त्यात पडतात. हल्ली खातं 'आयमॅप' पद्धतीने जोडलं जातं. ही पद्धत मार्क क्रिस्पिन ह्यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केली. त्यात घरची प्रत ही सर्व्हरच्या कप्प्याचा आरसा असते. तिकडे पत्र पुसलं गेलं की आरशातूनही नाहीसं होतं. म्हणून जपायची पत्रं थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करायची. ती केली नाहीत तर ट्रंक रिकामीच आहे असं समजा.

आणि कोणी म्हणेल की एवढ्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर पत्रं असताना घरी प्रत कशाला? फेब्रुवारी २०११ मध्ये जी-मेलच्या एका नव्या आवृत्तीतल्या चुकीने काही खाती रिकामी दिसायला लागली. शेकड्याचा अगदी छोटा अंश, गुगलच्या सांगण्याप्रमाणे ०.०२ टक्के. एकेका पत्राच्या अनेक केंद्रांवर ठेवलेल्या प्रती त्या चुकीपुढे उपयोगी पडल्या नाहीत. शेवटी पत्रं परत आली ती कुठून? नेटवर्कपासून वेगळ्या ठेवलेल्या चुंबकीय टेपवरून. गुगललासुद्धा माळ्यावरची ट्रंक काढावी लागली.

तर काकू, उशीर झाला खरा, पण हे माझं उत्तर. रोजच्या वाचनाला ब्राउझरच ठेवा. चिरंजीव बरोबर सांगतात. पत्ता मात्र स्वतःचा हवा, ऑफिसचा किंवा शाळेचा नको. खात्याला दुबईच्या नंबरबरोबर भारतातल्या विश्वासाच्या माणसाचा नंबर किंवा दुसरा ई-मेल जोडा. आकडा न आल्यास वापरायचे बॅकअप कोड सेवा देते, ते कागदावर छापून पासपोर्टजवळ ठेवा. इथून कायमचं निघायचं ठरलं तर नंबर बंद करायच्या आधी खात्यातला नंबर बदला, मग मोबाइलच्या दुकानात जा. हा क्रम चुकवू नका.

वर्षातून एकदा प्रत काढा. दिवाळीची साफसफाई काढतो त्या आठवड्यात एक संध्याकाळ त्यासाठी ठेवा. जी-मेलमध्ये गुगल टेकआऊट नावाची सोय आहे, तिथून सगळी पत्रं एका फाइलमध्ये मिळतात. थंडरबर्डमध्ये ती वाचता येतात. ती फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि जमलं तर दुसरी प्रत गावाकडे. आणि 'इनॲक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर' नावाचं एक पान भरून आपल्यामागे खातं कोणाला मिळावं ते नोंदवा. अभद्र वाटतं, पण विम्याचा फॉर्म भरतोच ना आपण? पंचांगाच्या मागच्या पानाचं नशीब प्रत्येक घराला लाभेलच असं नाही.

एवढं सगळं एकट्याने करायचा कंटाळा येत असेल तर एखाद्या शनिवारी लॅपटॉप घेऊन घरी या. ऊद मेथाच्या मेट्रो स्टेशनपासून आमची इमारत पाच मिनिटांवर आहे. चहा तयार असेल. तासाभरात तुमची ट्रंक भरून देतो. फक्त येताना मोबाइल विसरू नका, आकडा त्याच्यावरच येणार आहे.